बर्फाची चित्रे आणि देवाजीची लाथ

मित्रांनो, मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. माणसांविषयी मी गोड बोलेन, अशी अपेक्षा ठेवू नका.

आरमोरीच्या एका शाळेत श्रीहरी मास्तर मला चालवत. १९८६ साली त्यांनी उपग्रहाने टिपलेली ध्रुवावरच्या समुद्राची चित्रे मिळवली. तिथे हिवाळ्यात समुद्र गोठतो, उन्हाळ्यात बर्फ वितळतो. ढग असोत की महिनोन्महिन्यांचा अंधार, उपग्रह तो बर्फ मोजत राहतो. वर्षानुवर्षे मोजले तरच पृथ्वीचे हवामान बदलते आहे का ते कळेल, असे मास्तर सांगत. मुले टक लावून बघत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मास्तर मला जंगलातल्या एका गावी घेऊन गेले. शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, जनरेटर सुरू झाला. भिंतीवर पांढरा बर्फ उमटला, पण एकही चेहरा खुलला नाही. जंगलाचा गार्ड देवाजी दारात उभा होता. त्याने गावाला आधीच दटावले होते, की जंगल तोडून केलेले एकेक वावर, म्हणजे शेत, उपग्रह वरून पाहतो. कोंबडी दिली नाही तर फोटो साहेबाकडे जाईल.

"हेच ते यंत्र," गावातला इसरू काठी घेऊन उठला. "फोडतो त्याले."

"थांब, मले इचारू दे," त्याची म्हातारी आई सुकरी म्हणाली. "गुरुजी, ह्या फोटूत माहं वावर दिसते का?"

"नाही बाई. यातल्या एका ठिपक्यात तुमच्या गावासारखी कितीतरी गावं मावतील. दुसरे उपग्रह जंगल पाहतात, ते मी लपवत नाही. पण कोणाच्या हातात कुऱ्हाड आहे, ते त्यांनाही दिसत नाही."

सुकरी देवाजीकडे वळली. "मंग तू काऊन खोटं बोलून राह्यला होता, भाऊ?"

देवाजीने माझ्या टेबलाला लाथ मारली. मी पडलो, माझे भिंग फुटले. लोक त्याच्या अंगावर धावले; मला मात्र कोणी उचलले नाही. मास्तरांनीच उचलले, तेव्हा तापलेल्या दिव्याने त्यांची बोटे भाजली.

"भांडण लावणारी वस्तू," असे म्हणून मुख्याध्यापकांनी मला कपाटात कोंडले. नवे भिंग नागपूरला मिळाले असते, पण कोणी आणले नाही. त्या गावाने देवाजीला पुन्हा कोंबडी दिली नाही, एवढे मास्तरांनी एकदा माझ्यावरची धूळ पुसताना सांगितले.

मित्रांनो, यंत्राचे नाव घेऊन कोणी तुम्हाला भीती घातली, तर त्या यंत्राला नेमके काय दिसते ते आधी विचारा. आणि ते मोडले, तर दुरुस्त करा. खोटे बोलायला आम्हाला येत नाही. ते आमच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला येते.