आपट्याच्या पानासारखी जीभ

दसऱ्याचं पिवळं, पिकलेलं ऊन माळावरून अंगणात उतरलं होतं. दारोदार झेंडूची तोरणं, हातोहात आपट्याचं सोनं. आणि त्या सुवर्णगंधी सकाळी सारजाच्या काळजात मात्र भीती पाझरत होती. नुसती भीती.

मांडीवर तान्ही लेक. दुधाला लागे आणि निसटे, पुन्हा लागे, पुन्हा निसटे. हे निसटणं कशाचं, ते सारजा ओळखून होती.

तिचीही जीभ जन्मापासून तळाशी जखडलेली. कळती झाली तेव्हा सुईणीने नखाने जिभेखालचा पडदा फाडला होता. परकर रक्ताने भिजला; जखम आवळून भरली आणि जीभ पहिल्याहून घट्ट झाली. ती स्वतःला 'सालजा' म्हणे, म्हणून गावही तिला सालजाच म्हणे. मग तिने बोलणंच मिटून ठेवलं.

आज लेकीचं बारसं. नवऱ्याची हौसाआत्या उगाळलेलं वेखंड बोटावर घेऊन आली. त्याच बोटाचं नख लांब, निमुळतं, मुद्दाम राखलेलं. त्या नखाने कितीक जिभा सोडवल्या, हे ती कौतुकाने सांगत असे.

"आण गं, चाटवते. वाणी लख्ख हुईल पोरीची."

तिने लेकीचं इवलं तोंड उघडलं आणि थबकली. "अगं बया! आईवरच गेलीया की. धर घट्ट, आत्ता सोडवते."

सारजाने त्या नखाकडे पाहिलं. बोलावं, तर भरल्या घरात हसं. न बोलावं, तर रक्त. ते जुनं, खारट, उष्ण रक्त तिच्या तोंडात दाटून आलं. नख खाली येत होतं, ओठांपाशी आलं होतं.

"नख लावायचं नाही! दवाखान्यात नेनाल मी तिला!"

कुणीतरी फिसकन हसलं. सारजाने ते ऐकलं. तरी पुन्हा तेच म्हणाली, तसंच, आणखी मोठ्याने. मग कुणी हसलं नाही. हौसाआत्याने नख हळूच मुठीत मिटलं.

लेक दचकून रडू लागली. उघड्या तोंडात चिमुकली जीभ वर येऊ पाहत होती, टोकाशी दुभंगलेली, आपट्याच्या पानासारखी. सारजाची भीती सरली नव्हती. पण हौसाआत्याच्याही आधी तिनेच वाकून लेकीच्या कानात नाव सांगितलं. बोबडं, जड, अडखळतं, अन् उंबऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं. पाळण्यात वाऱ्याने उडून आपट्याचं एक पान येऊन पडलं होतं. कुणी ते उचललं नाही.