तीन वाजले, पण कुणाचे?

मुलगा म्हणून मी तीनदा अर्ज केला होता. आई वीस दिवस जेरुसलेमच्या इस्पितळात पडून आहे, भेटू द्या. एकदा नकार आला, दोनदा तेवढंही नाही. मग एफीचा फोन आला. "नख्ले, डेन्मार्कची पोरं येतायत, एम.ए.ची. संघर्ष कसा मिटवायचा ते शिकायला. तुमची बाजू मांडायला येशील का?" मी हो म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी जेरुसलेमला जायचा परवाना हातात! एका दिवसाचा, संध्याकाळी सातपर्यंत. आईचा मुलगा कुणाला नको होता, पॅलेस्टिनी वक्ता मात्र हवा होता. घ्या!

एफी माझा जोडीदार. अकरा वर्षं आम्ही असल्या मंडळींसमोर भांडतोय, तो इस्रायलच्या बाजूने, मी आमच्या. मग त्यांच्या बसमागे उभे राहून एकाच पाकिटातल्या सिगारेटी ओढतो. पाकीट नेहमी माझं असतं.

कार्यक्रम तीन वाजता संपणार, असं पत्रकात छापलं होतं. इस्पितळात भेटायची वेळ चार ते पाच. सगळं नीट जमत होतं. फक्त उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतात ना, ते आमच्याकडे रमजान संपेपर्यंत सरकवत नाहीत, आणि इस्रायलने ते गेल्याच आठवड्यात सरकवलं होतं. एफीच्या मनगटावर तीन, तेव्हा माझ्या मनगटावर दोन. त्यात काही विशेष नाही. इस्रायली लष्कराचा नाका ओलांडला की मनातल्या मनात एक तास मिळवायचा, आमच्याकडे शाळकरी पोरंही मिळवतात.

जेरुसलेमबाहेरच्या एका ख्रिस्ती मठाच्या सभागृहात पोरांनी दोन गट पाडले आणि लुटुपुटूच्या तहाला बसली. सीमा अकरापर्यंत ठरली. पाण्याचं वाटप चहाच्या आधी. जेरुसलेमला थोडा वेळ लागला, कारण मधे जेवण होतं. मी आणि एफी मागे बसून बघत होतो. "आपण उगाच इतकी वर्षं घालवली रे," एफी कुजबुजला.

तीन वाजता मी पिशवी उचलली. पिशवीत आईसाठी घरचे ऑलिव्ह होते.

"कुठे निघालात?" प्राध्यापक बिर्गिटबाईंनी विचारलं.

"तीन वाजले, बाई."

बाईंनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. "तुमच्या घड्याळात दोनच वाजलेत की!"

मी घड्याळांचा घोळ समजावून सांगितला. तिथेच चुकलं माझं. बाईंचा चेहरा एकदम गंभीर झाला. "म्हणजे सकाळपासून आपण एकाच बाजूची वेळ पाळतोय? आणि कुणाला खटकलंही नाही?"

"मला नाही खटकलं. इस्रायलच्या वेळेने तीन, हेच बरं आहे."

"नख्ले, तुमच्यावर अन्याय झालेला मला चालणार नाही."

"अहो, तो स्वतःच म्हणतोय!" एफी म्हणाला.

"तेच तर वाईट वाटतं," बाई म्हणाल्या. "इतकी सवय झाली आहे त्यांना."

झालं! पोरांना आयता विषय मिळाला. अर्धी म्हणाली, नख्लेंच्या घड्याळात तीन वाजेपर्यंत थांबायचं. अर्धी म्हणाली, एफींचा अपमान होईल. एकाने साडेतीन सुचवले, दोघांनाही सारखं नुकसान. लगेच समिती नेमली. ज्यांनी जेरुसलेम दीड तासात वाटलं, ती पोरं एका तासावर एकूण तास-सव्वातास भांडली. शेवटी माझ्याने राहवेना. मी ओरडलो, "माझी आई इस्पितळात आहे! पाचला दार बंद होतं!"

 एक मुलगी रडायला लागली. "सांगा ना, सगळं सांगा. आपण गोल करून बसूया." आणि खरंच त्यांनी खुर्च्या सरकवायला घेतल्या. 

एफीने माझी पिशवी उचलली आणि दंडाला धरून मला बाहेर काढलं. "गोल करून बसा तुम्ही," तो मागे वळून म्हणाला, "मी ह्याला पळवून नेतोय."

त्याच्या खटारा गाडीतून निघालो. रस्ता तुंबलेला. एफी सगळ्यांना शिव्या देत होता, दोन्ही बाजूंना सारख्याच. पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. वॉर्डाच्या दारात आमच्याकडच्या हेब्रॉन गावची एक नर्स उभी होती.

"भेटायची वेळ संपली, दादा."

 वीस दिवस, तीन अर्ज, आणि दहा मिनिटांनी घात केला! एफीने माझा हात धरला आणि मनगट तिच्या तोंडासमोर नेलं. चार वाजून दहा मिनिटं.

नर्सने आपल्या मनगटाकडे पाहिलं. तीही रोज आमच्यासारखीच नाका ओलांडून येत होती. तिच्याही घड्याळात चार-दहाच होते.

"मग अजून वेळ आहे," ती म्हणाली. "आवाज करू नका."

आई अर्धी झाली होती. मी पलंगाशी बसलो, तिच्या तोंडात एक ऑलिव्ह घातला. ती सावकाश चघळत राहिली.

"परवाना दिला त्यांनी?"

"दिला."

"मला भेटायला?"

"नाही. शांतता शिकवायला."

"शिकले का?"

"अजून बसलेत."

आई हसली, मग खोकली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "किती वाजले रे?"

"कुणाच्या घड्याळात सांगू?"

"ज्यात तू अजून थोडा वेळ बसशील, त्यात सांग."

"सव्वाचार," मी म्हटलं. एफी दारात उभा होता. त्याने आपलं घड्याळ काढून खिशात टाकलं.