धर्मपाल पेंटरची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. बाभुळगावच्या बाजाररस्त्याला पाट्या रंगवण्याचं एक दुकान आहे, त्याच्या दाराशी मी उभी असते. माझा मूळ रंग काळा. पण टाकीवर पिवळे, निळे, तांबडे ठिपके इतके पडले आहेत, की शाळेची मुलं मला 'चितळीण' म्हणतात. मला त्याचा राग येत नाही.

दूरच्या एका कारखान्यात माझा सांगाडा जोडला, इंजिन बसलं आणि ट्रकमध्ये उभी राहून मी यवतमाळला आले. माझे पहिले मालक दीनानाथकाका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. घर ते कचेरी आणि कचेरी ते घर, एवढंच माझं जग. दसऱ्याला झेंडूचा हार मिळे. काका निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी मला धर्मपाल पेंटरला विकलं. कागदांवर नवं नाव चढल्याशिवाय त्यांनी किल्ली काही हातातून सोडली नाही.

धर्मपालनं मागच्या बाजूला लोखंडी आकडे बसवले. त्यात शिडी अडकवायची, दोन्ही अंगांना रंगाचे डबे टांगायचे आणि निघायचं. दुकानांच्या पाट्या, लग्नघराच्या भिंती, शाळेतले सुविचार. त्याचं अक्षर इतकं देखणं, की वाचता न येणारी माणसंही उभी राहून बघत.

पण ती वर्षं आमच्या जिल्ह्याला फार जड गेली. कापूस पिके आणि भाव पडे. बाजारात गिऱ्हाईक नाही, तर नवी पाटी कोण लावणार? मग कर्जानं खचलेल्या शेतकऱ्यांसाठी गावोगावच्या भिंतींवर लिहिण्याचं काम धर्मपालला मिळालं. 'एकटे राहू नका. मन मोकळं करा. आम्ही ऐकतो.' अशी वाक्यं असत ती. बोरी अरब गावातल्या एका भिंतीवर त्यानं लिहिलेलं पुसून पुन्हा मोठं लिहिलं. मदतीला आलेली त्याची बायको उर्वशी म्हणाली, "चांगलं तर दिसून राह्यलं होतं. काहून पुसलं?"

"दुरून वाचता आलं पायजे," तो म्हणाला. "ज्याले याची गरज असते ना, तो जवळ येऊन वाचत नाई."

मित्रांनो, असा माणूस माझ्यावर बसत होता. मला त्याचा अभिमान वाटे.

हिवाळ्यातल्या एका दुपारी, उन्हं कलताना आम्ही यवतमाळहून परत येत होतो. धर्मपाल डाव्या कडेनं सावकाश चालला होता. उर्वशीच्या हट्टानं त्यानं डोक्यावर हेल्मेट घातलं होतं. त्या काळी आमच्याकडे हेल्मेटला लोक हसत. समोरून कापसाची बैलगाडी येत होती. तिच्या मागचा टेम्पो थांबायला तयार नव्हता. तो एकदम बाहेर निघाला आणि थेट आमच्या अंगावर आला. मी ब्रेक लावले. पूर्ण ताकदीनं लावले. तरी त्याची कड आम्हाला लागलीच.

मी रस्त्याच्या कडेला आडवी पडले. डबे फुटले. धर्मपाल पलीकडे पडला होता आणि त्याचा उजवा हात खांद्यापासून भलत्याच दिशेला वळला होता. हेल्मेट तडकलं होतं, डोकं शाबूत होतं. उकंडा नावाचा टेम्पोचा ड्रायव्हर खाली उतरला आणि कपाळाला हात लावून नुसता उभा राहिला.

तेवढ्यात शेजारच्या वावरातून कापूस वेचणाऱ्या बाया धावत आल्या. सर्वांत पुढं तांड्यावरची लालीबाई होती. तिनं पाठीला बांधलेली कापसाची झोळी सोडली, त्यातला कापूस तिथंच ओतला आणि त्या फडक्यानं धर्मपालचा हात छातीशी बांधला. मग भर रस्त्यात दोन्ही हात पसरून उभी राहिली. एक जीप करकचून थांबली. "याले दवाखान्यात नेल्याबिगर गाडी हलन नाई," ती म्हणाली. धर्मपाल दवाखान्यात पोहोचला तो तिच्यामुळे.

मला पोलिस ठाण्याच्या आवारात नेलं. एका अधिकाऱ्यानं माझे ब्रेक, दिवा, चाकं सगळं तपासलं. माझ्यात दोष निघाला नाही. तरी मी तिथं धुळीत उभी राहिले, चाकांतली हवा गेली, साखळीला गंज चढला. त्याहून जास्त बोचलं ते दुसरंच. टेम्पोचे मालक बबनराव म्हणजे कापसाचे मोठे व्यापारी. त्यांच्या माणसांनी सांगायला सुरुवात केली, की पेंटरच शिडीच्या ओझ्यानं झोकांड्या खात चुकीच्या बाजूला आला. बैलगाडीवालाही त्यांचाच होता. तो म्हणाला, "मी बैलांकडे पाहत होतो, मले काही ठाऊक नाई."

पुढं माझी सुटका झाली आणि मी घराच्या अंगणात आले. धर्मपालच्या खांद्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसले होते. जखम भरली, पण हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीवर लिहिणाऱ्या माणसाचा हात! तो तासन्‌तास ओसरीवर बसून राही. कुंचले वाळून कडक झाले, तरी त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

एक दिवस बबनराव आले. बाजेवर बसून म्हणाले, "धर्मपाल, झालं ते झालं. दवाखान्याचं थोडंफार मी देतो. कोर्टाच्या भानगडीत कायले पडता? वर्षं जातात तिथं."

उर्वशी म्हणाली, "बबनभाऊ, तुमी देणार ते उपकार म्हणून, आन् वरून चूक आमचीच म्हणणार. ते नाई चालत आमाले."

दुसऱ्याच दिवशी ती यवतमाळला वकील सुनीतीताईंकडे गेली. ताईंनी तिला नीट समजावलं. अपघातातल्या जखमी माणसाला भरपाई मागायला वेगळं न्यायाधिकरण असतं. टेम्पोचा विमा आहे, तेव्हा भरपाई विमा कंपनीनं द्यायची. "आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "ही मदत नाही. हा हक्क आहे."

दावा दाखल झाला. विमा कंपनीचे वकील दोनच गोष्टी विचारत. चूक टेम्पोची होती हे कशावरून? आणि हा माणूस रंगकामावर पोट भरत होता याला पुरावा काय? त्याला ना पगार, ना पगाराची पावती.

त्या संध्याकाळी धर्मपाल पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "एवढ्या भिंती लिहिल्या म्या. त्या काय आपोआप उगवल्या?"

उर्वशीला सुचलं, त्या भिंतीच पुरावा होतील. मग तिनं आपल्या भावाला, रवीला बोलावलं. रवीनं माझी साखळी बदलली, चाकांत हवा भरली, एक कॅमेरा मागून आणला. मित्रांनो, मी पुन्हा रस्त्यावर आले! रवी पुढं, उर्वशी मागं. ज्या गावांना मी धर्मपालला घेऊन गेले होते, त्याच गावांना आता त्याची साक्ष गोळा करायला निघाले. प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्यात त्याची सही होती. ठिकठिकाणी माणसं भिंतीशेजारी उभी राहून फोटो काढून घेत आणि विचारत, "पेंटरभाऊ कसे आहेत?"

शेवटी आम्ही तांड्यावर गेलो. उर्वशीनं पिशवीतून झोळीचं ते फडकं काढलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं. फुटलेल्या डब्यातल्या रंगाचा निळा डाग मात्र गेला नव्हता. लालीबाईच्या हाती देत ती म्हणाली, "बाई, तुमी होत्या म्हणून तो वाचला. एवढंच सांगाले आली."

लालीबाईचा नवरा हरिसिंग दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "साक्षीचं नका इचारू, बाई. बबनरावच्याच वावरात वेचतो आमी."

"मी इचारलंच नाई, दादा," उर्वशी म्हणाली आणि उठली.

लालीबाई माझ्यापर्यंत चालत आली. टाकीवरच्या ठिपक्यांवरून तिनं बोट फिरवलं. "हात कसा आहे त्याचा?"

"खांद्याच्या वर जात नाई."

"माह्या बोलण्यानं जाईन का तो वर?"

"नाई जात," उर्वशी म्हणाली. "पण त्याले खोटा म्हणून राह्यले, ते तरी थांबन."

लालीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. मग तोच म्हणाला, "कोणत्या दिशी जा लागते कोर्टात?"

साक्षीच्या दिवशी मी यवतमाळच्या कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली उभी होते. आत काय झालं ते परत येताना उर्वशीच्या तोंडून ऐकलं. समोरच्या वकिलांनी लालीबाईला विचारलं, "ही साक्ष द्यायला तुम्हाला काय मिळालं?" ती म्हणाली, "मले काय भेटन साहेब? होती ती वेचणी गेली. टेम्पो बैलगाडीच्या आडून निघाला आन् याच्या बाजूले आला, हे पाह्यलं म्या. डोळ्यानं पाह्यलेलं पोटात ठेवून झोप येत नोती."

वेचणी खरंच गेली होती. बबनरावांनी तिला वावरात पाय ठेवू नको म्हणून सांगितलं होतं. पण बोंडं फुटून वावर पांढरं झालं, तेव्हा तांड्यावरची एकही बाई कामाला गेली नाही. "लालीबाई आली तर आमी येऊ," असा सगळ्यांचा एकच निरोप गेला. कापूस काही कुणासाठी थांबत नाही. बबनरावांना ऐकावं लागलं.

निकाल लागायला वेळ लागला, पण लागला. चूक टेम्पोची ठरली. निकालात एक वाक्य होतं, की अर्जदार हा कुशल कारागीर आहे. धर्मपालनं सुनीतीताईंना ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

भरपाईतून उपचारांचं देणं फिटलं आणि बाजाररस्त्याला हे दुकान निघालं. इथं पत्र्याची पाटी टेबलावर आडवी ठेवतात, म्हणजे हात वर करावा लागत नाही. भिंतीचं काम आलं, की शिडीवर उर्वशी चढते. तिचं अक्षर अजून थोडं तिरकं येतं. धर्मपाल खालून ओरडतो, "वेलांटी सरळ!" आणि ती वरून म्हणते, "मंग तुमीच या ना वर." दोघंही हसतात.

मागच्या महिन्यात तांड्यावरच्या शाळेची भिंत रंगवायला आम्ही गेलो होतो. उर्वशीनं शिडी लावली, पण धर्मपाल म्हणाला, "राहू दे. ही मी लिहितो." त्यानं अ, आ, इ, ई खाली, आपला हात पोहोचेल तिथंच लिहिली. लिहून मागं सरकला, तर पोरांनी भिंतीला गर्दी केली होती. अक्षरं नेमकी त्यांच्या डोळ्यांसमोर आली होती. मान वर करावी लागत नव्हती. एका चिमुरडीनं ओल्या निळ्या 'अ'वरून बोट फिरवलं आणि तिचं बोट निळं झालं.

मित्रांनो, मोठे झालात की गाडी चालवाल. हेल्मेट घाला, परवाना आणि विमा पुरा ठेवा, समोरचं दिसल्याशिवाय पुढं घुसू नका. आमच्यासारख्या गाड्यांचे ब्रेक वेळच्या वेळी तपासा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं, तर थांबा. त्याला उचला. आणि नंतर कुणी विचारलं, 'तुम्ही काय पाहिलं?' तर घाबरू नका. जे पाहिलं, ते सांगा.