पांढऱ्या पाटीच्या जागी अप्पा

आमची पांढरी पाटी हरवली त्या दिवसापासून बागेतला सगळा रोग अप्पांच्या अंगावर येऊ लागला.

पाटीचं आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. डाळिंबावरचा तेल्या रोग माणसाच्या डोळ्याला दिसायच्या आधी कॅमेऱ्याला दिसावा, यावर माझी पीएच.डी. चालली आहे. कॅमेरा झाडावरून परत आलेला प्रकाश मोजतो. पण सकाळचा प्रकाश वेगळा, दुपारचा वेगळा. म्हणून प्रत्येक ओळ सुरू करताना त्याला एक पांढरी पाटी दाखवायची. मग ओळीतलं प्रत्येक झाड तो त्या पाटीशी ताडून बघतो. निरोगी झाड पडद्यावर हिरवं येतं, रोगट असलं की लाल. लाल आलेलं झाड तोडून बागेबाहेर न्यायचं, हिरव्याला हात लावायचा नाही. हा नियम मीच घालून दिला आहे.

पाटी सापडेना तेव्हा मी नुसती वैतागले होते. अप्पा, माझे वडील, बांधावर पाठमोरे उभे होते, अंगात परीटघडीचा पांढरा सदरा. म्हटलं, चला, आजचं भागेल.

"अप्पा, जरा तसेच थांबा."

त्यांच्या पाठीवर कॅमेरा धरून बटण दाबलं आणि ओळीवरून फिरवला. सगळी ओळ हिरवी आली. आदल्या दिवशी त्यातली बरीच झाडं लाल होती. जवळ जाऊन पाहिलं तर फळांवरचे तेलकट डाग खरोखरच गेले होते.

घरी गेल्यावर अप्पांनी सदरा काढला, तेव्हा ते डाग त्यांच्या पाठीवर होते. आईने ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. "जात न्हाईत," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

माझे गाईड खर्डेकर सर फोनवर खूश झाले. "निकाल उत्तम आहेत. आता संदर्भ तोच ठेव. मध्येच बदललास तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"सर, संदर्भ म्हणजे माझे वडील आहेत."

"हो, कळलं मला. त्यांना हलू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी शेजारचे तानाजीकाका बाबर आले. "रेणुका, आज अप्पाला आमच्या बागंत उभा कर." त्यांची बाग दुपारपर्यंत स्वच्छ झाली. मग त्यांच्या पलीकडचे आले, मग त्यांचे पाहुणे. अप्पांना सारखं बांध ओलांडायला नको म्हणून लोकांनी मधले बांध काढून टाकले. बागा एकमेकींना जोडल्या गेल्या आणि ओळी लांब होत गेल्या. शेवटी आमचं घर दिसेनासं झालं. आई सकाळी पाठवते ती भाकरी आता आमच्यापर्यंत शिळी होऊन पोचते.

सदरा मात्र मळत नव्हता. आत काय चाललंय ते मलाच माहीत होतं. अप्पांची पाठ काळी पडली होती, डाग एकमेकांत मिसळले होते. मला भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू, रोजचे आकडे बघून आनंदही होत होता, आणि त्या आनंदाचीच जास्त भीती वाटत होती.

"दुखतंय का, अप्पा?"

"दुखत न्हाई. कातडं ताणल्यावानी वाटतंय नुसतं."

मी नवीन पाटी मागवली होती, ती आली. कुणाला न विचारता ती ओळीच्या तोंडाशी उभी केली आणि कॅमेरा लावला. पडदा काठोकाठ लाल झाला. त्याबरोबर आजूबाजूच्या झाडांवरची फळं तडकायला लागली, जवळची आधी, मग लांबची. तानाजीकाकांनी माझ्यासमोरून पाटी शांतपणे उचलली आणि नेऊन पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. फळं तडकायची थांबली, तडकलेलीही पुन्हा मिटली.

"एवढ्या बागा हाईत, पोरी," ते म्हणाले. "अप्पा एकटा हाय."

त्यावर अप्पा पहिल्यांदाच आपणहून बोलले. "रेणा, मला घरी घिऊन चल."

मी त्यांचा हात धरला. ओळीत लोक आडवे उभे राहिले. कुणी रागावलेलं नव्हतं.

"लाल असंल तर ने बागंबाहेर," तानाजीकाका म्हणाले. "हिरव्याला हात लावायचा न्हाई. तूच सांगितलंयस."

मग मी सगळ्यांसमोर अप्पांचा सदरा काढला. मानेपासून कमरेपर्यंत काळी, तेलकट पाठ, आणि मधोमध तीन फाटे फुटलेली भेग. तेल्याने तडकलेल्या डाळिंबाची अशी भेग आमच्याकडे लहान पोरंही लांबून ओळखतात. भेगेच्या आत लाल दाणे दाटीने बसले होते. मी त्यांच्यावर कॅमेरा धरला. इतकी वर्षं लाल येऊ नये असं वाटायचं. आज मी मनोमन म्हणत होते, लाल येऊ दे.

हिरवं आलं. कुठल्याही झाडाचं आलं नव्हतं इतकं गर्द. पाटी उचलल्यावर संदर्भ पुन्हा अप्पाच झाले होते; कॅमेरा अप्पांना अप्पांशीच ताडून बघत होता.

"पडद्याकडे नका बघू," मी म्हणाले. "त्यांच्याकडे बघा."

सगळे पडद्याभोवती गोळा झाले होते. "निरोगी हाय की," तानाजीकाका म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सदरा झटकला, अप्पांच्या अंगात घातला, प्रेमाने गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि त्यांना पुढच्या ओळीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग नेहमीसारखी पाठ केली.

एवढ्यात पोपटांचा थवा आला. बागेवरून दोनदा फिरला, पण एवढ्या झाडांवर त्यांना एकही फुटलेलं फळ दिसलं नाही. त्यातला एक खाली आला, अप्पांच्या खांद्यावर बसला आणि त्याने सदऱ्याच्या गळ्यात चोच घातली.