राजा चावला तेव्हा गळ्यात मी होते

मित्रांनो, पत्र्याच्या पेटीत दोन तुकडे होऊन पडलेली ही चांदी एके काळी गळ्यात मिरवत होती, हे सांगून कुणाला पटायचं नाही. मी खालापूरच्या सोनाराने घडवलेली सरी, गळ्याभोवतीचं जाड कडंच म्हणा. येसूबाईंच्या गळ्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यांच्या नागूचं लग्न झालं आणि मी सुनेच्या, म्हणजे जनीच्या, गळ्यात आले. सोनाराने माझा आकडा दाबून पक्का केला. सवाष्णीची सरी निघाली की नवऱ्याच्या जिवावर बेततं, असं येसूबाईंचं ठाम मत होतं. एवढी जबाबदारी आपल्यावर आहे, हे मला तेव्हा कळलं.

घरात राजा नावाचा कुत्रा होता. जनीच त्याला पेज घालायची. ती वाकली की तो तिची हनुवटी चाटायचा, जाता जाता मलाही चाटायचा. आम्ही एका घरचे, अशी माझी समजूत होती.

एका सकाळी कोंबडीचं पिल्लू राजाच्या थाळीत शिरलं. ते उचलायला जनी वाकली आणि राजाने तिचा गळाच धरला. काही दात माझ्यावर आपटून घसरले, दोन मात्र माझ्या वरच्या बाजूला तिच्या गळ्यात रुतले. त्याने मान झटकली, गळा सोडला आणि शेपूट हलवत उरलेली पेज संपवली.

जखमा दोनच, तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तही जेमतेम. येसूबाईंनी हळद दाबून वर फडकं आवळलं.

"सरीनं राखली गं बाय!" म्हणत त्यांनी मला हात जोडले. माझा सत्कार झाला तो एवढाच.

"खरचटलंय नुस्तं," नागू म्हणाला. "आपला राजा हाय तो. मुद्दाम नाय चावायचा."

पण माझ्यात आणि गळ्यात एरवी बोटभर फट असे, ती बुजत चालली होती. जनीचा आवाज घोगरा झाला. कातडीला हात लावला की खाली पापड मोडल्यासारखं कुरकुरायचं. दात श्वासनळीपर्यंत पोचले होते, आणि तिथून निसटलेली हवा कातडीखाली भरत होती.

"भ्यायलीय पोर," येसूबाई म्हणाल्या. "साखरपाणी द्या."

तेवढ्यात शेजारचा लडकू साजगावच्या कारखान्यातून पाळी संपवून आला.

"काकी, मान बगा तिची! फडकं सोडा, सरी काडा आदी!"

"सवाष्णीची सरी? आन् नागूला काय झालं मंजे?"

"नागू ह्यो काय हितं उभा हाय, रेड्यावानी! श्वास हिचा अडकलाय!"

येसूबाईंनी नागूकडे पाहिलं. नागूने जनीच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं.

"तोड रं," तो म्हणाला.

लडकूने तार तोडायची पक्कड आणली. मी दोन ठिकाणी तुटले. जनीला टेंपोत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी गळ्यात खाली भोक पाडून नळी बसवली, आणि श्वास मार्गी लागला.

जनीला पिसाळल्याची इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी कुत्राही बांधून ठेवायला सांगितला. दहा दिवसांत तो जगतो की मरतो, त्यावरून तो पिसाळला होता का ते कळणार होतं. झालं! राजाची बडदास्त सुरू. "खा रं राजा, मरू नको," म्हणत येसूबाई त्याला दूधभात भरवायच्या. मला पेटीत टाकलं. वर येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना त्या सांगायच्या, "कुत्र्याला कशाला बोल? सरीनंच गळा आवळला व्हता!"

राजा जगला. गळ्यातली नळी काढल्यावर जनी घरी आली. ती तरी माझी बाजू घेईल, अशी मला आशा होती.

"सरी जोडून आणू गं," येसूबाई म्हणाल्या.

"नको आत्याबाई," जनी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "गळा मोकळाच बरा हाय."

मित्रांनो, कुत्रा घरचा असो की दारचा, त्याचा दात गळ्याला लागला तर जखम लहान म्हणून हसण्यावारी नेऊ नका. वर फडकं आवळू नका. आवाज बदलला, मान फुगली, तर गळ्यातलं सगळं काढा आणि तडक दवाखाना गाठा. लोक काय म्हणतील ते, माणूस नीट श्वास घेऊ लागल्यावर ऐका. सरीला वाईट वाटेल. वाटू द्या.