काटा चौदावर

पंप पाणी ढकलतो, हे सगळ्यांना दिसतं. तो आधी ओढतो, हे मात्र कुणाच्या डोक्यात शिरत नाही. सत्तावीस वर्षं मी, रोसेंदो किहादा, मेसा गावातले घरोघरचे स्विमिंग पूल साफ करतोय आणि सत्तावीस वर्षं घसा कोरडा करतोय. ओढण्यात बिघाड झाला की फिल्टरवरच्या दाबमापकाचा काटा खाली. ढकलण्यात अडथळा आला की काटा वर. संपलं शास्त्र. म्हणून फिल्टर धुतला की त्याच्या पोटावर मी काळ्या पेनने तारीख आणि काट्याचा आकडा लिहून ठेवतो. काटा त्याच्यावर आठ-दहा चढला, की पुन्हा धुवायचा.

प्रुएटच्या फिल्टरवर मी चौदा लिहिलं होतं.

प्रुएट म्हणजे विमानदलातला निवृत्त मेकॅनिक; रोसेंदोचा त्याने रोझ करून टाकला होता. त्याच्या बायकोला, लोरेनला, अर्धांगवायू झालेला. जमिनीवर उजवा पाय उचलत नव्हता, पण छातीभर कोमट पाण्यात बाई चालायची. दर गुरुवारी मी जाळीने पानं काढायचो आणि ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची. बोलणं गेलं होतं, नवऱ्याचं नावसुद्धा तोंडात अडकायचं. पण मी माझ्या स्पॅनिशमध्ये पावलं मोजायला लागलो की माझ्यामागून म्हणायची, उनो, दोस, त्रेस. एक, दोन, तीन. वीसपर्यंत आली होती. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत पाण्याची धार मंदावली. काटा सहावर, पंपाच्या झाकणाखाली बुडबुडे. झाकणाची रबरी रिंग उन्हाने वाळली होती आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता. म्हटलं, पुढच्या गुरुवारी रिंग आणतो. पण प्रुएटला कुठला धीर! दुकानातला इस्त्रीच्या शर्टवाला बोलावून त्याने दुप्पट ताकदीचा पंप बसवून घेतला. गुरुवारी मी गेलो तर ऐटीत उभा.

"नळ्या जुन्याच आहेत, साहेब," मी म्हणालो. "एवढ्या पंपाला पाणी मिळणार कुठून? आणि काटा चढलाय ती ताकद नाही. पाणी अडतंय."

"चोवीसवर आहे काटा," तो म्हणाला. "तू चड्डीत होतास तेव्हापासून मी विमानांचे काटे वाचतोय, रोझ. तू आपली पानं काढ. जमत नसेल तर तेही नको."

मी जाळी खांद्यावर टाकली आणि चालता झालो. अपमान गिळायची सवय आहे मला, पण हा घशातच राहिला.

आता माझी करणी ऐका. शेजारच्या घरचा पूलही माझ्याकडेच. मधली भिंत खांद्याएवढी, आणि प्रुएटचा फिल्टर भिंतीला लागून. पुढच्या गुरुवारी मान वर केली तर काटा अठ्ठावीसवर. पंप खडे भरडल्यासारखा ओरडत होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी एकतीस. पूलमध्ये परत सोडणाऱ्या तोटीतून पाणी नुसतं ठिबकत होतं. एवढ्या कमी पाण्यावर हीटर आपोआप बंद पडतो. प्रुएट मात्र हीटरच बिघडला समजून दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसलेला. पाणी गार, म्हणून लोरेन काचेच्या दारामागे खुर्चीत. तिने मला बघून हात हलवला. मीही हलवला, आणि शेजाऱ्यांची पानं काढत राहिलो.

भिंतीवरून एक हाक मारायची होती. नाही मारली. म्हटलं, बोलावू दे त्याला, नाक घासत बोलावू दे.

घरी ओफेलियाला सांगितलं, तर माझ्या बायकोने तवा खाली ठेवला. "भांडण त्या म्हाताऱ्याशी आहे ना तुझं? मग त्या बाईचे पाय कशाला बांधून ठेवतोस?"

पूल त्याचा, पंप त्याचा, असं काहीतरी मी पुटपुटलो.

पाचव्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज पार पडलेला. काटा छत्तीसवर आहे, मग पाणी का येत नाही, असं विचारत होता. मी लगेच गेलो. जिंकलो होतो ना मी! जुना पंप गॅरेजमध्येच होता. तो परत बसवला, नवी रिंग घातली, फिल्टर उघडून त्याच्यावरचा चिखल धुतला. दुपारपर्यंत धार सणसणीत सुरू झाली, हीटर पेटला.

शनिवारी पाणी कोमट झालं. आम्ही दोघांनी धरून लोरेनला पायऱ्यांवरून खाली नेलं. इतके आठवडे बसून तिचा पाय लाकूड झाला होता.

"उनो," मी म्हणालो.

"उनो," ती म्हणाली. पाय उचलला नाही. पुन्हा म्हणाली, उनो. मग तिसऱ्यांदा. माझ्याकडे बघत राहिली, मी दोस म्हणायची वाट बघत. माझी जीभ उचलेना.

प्रुएटने तिला काखेखाली हात घालून धरलं होतं. त्याने फिल्टरकडे मान वळवली.

"रोझ, काटा बरोबर आहे ना?"

"चौदावर आहे," मी म्हणालो. "अगदी बरोबर आहे, साहेब."