आठ भावंडं, तीन खुर्च्या

फोटोवाल्याला गणिताचं वावडं होतं आणि बायको मिळाली ती नेमकी गणिताची बाई. दुकान एकच, मध्ये प्लायवूडची भिंत घातलेली. रस्त्याकडच्या अर्ध्या भागात त्याचा स्टुडिओ, मागच्या अर्ध्यात तिची शिकवणी. भिंत इतकी पातळ, की इकडे तो "हसा" म्हणाला की तिकडची मुलं हसायची आणि तिकडे ती "कंस सोडवा" म्हणाली की इकडे एखादं गिऱ्हाईक गळ्याचं बटण सोडवायला लागायचं.

त्या शनिवारी सकाळी स्टुडिओत आठ भावंडं शिरली. सगळी पन्नाशीच्या पुढची. पुढे थोरल्या ताई, हातात पर्स ढालीसारखी धरून. त्यांच्यामागे गुडघ्यांनी बेजार असलेले दादा. मग ज्याला सगळे खांब म्हणत तो भाऊ, कारण तो जन्मापासून ताठ होता म्हणे. मग मैना आणि घुम्मी या दोघी बहिणी. मैना सगळ्यांशी बोलायची, फक्त घुम्मीशी नाही, आणि घुम्मी कुणाशीच फारसं बोलायची नाही, पण मैनेशी न बोलणं तिचं वेगळं होतं, ते लांबूनही ओळखू यायचं. त्यांच्यामागे दोघं जुळे भाऊ. सगळ्यात शेवटी धाकटा. त्याच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता, तरी घरात तो अजून धाकटाच होता.

"आठ जणांचा एक फोटो," ताई म्हणाल्या. "तुमच्याकडे खुर्च्या किती?"

"तीन," फोटोवाला म्हणाला. तीन कोरीव खुर्च्या ही स्टुडिओची शान होती.

"तिथंच घोडं अडतं. मागच्या फोटोतही तीनच खुर्च्या होत्या. तिघं बसले, पाच उभे राहिले. उभं कुणी ठेवलं आणि का ठेवलं, यावरून आमच्याकडे कित्येक वर्षं दिवाळं निघालंय माणुसकीचं. मैना आणि घुम्मीचा अबोला त्यातलाच. तेव्हा या खेपेला सगळ्या तऱ्हा काढा. कोणते तीन बसतील त्याच्या जितक्या तऱ्हा होतील तितक्या. मग कुणी कुणाला बोल लावायचा नाही."

फोटोवाल्याच्या जिभेला हाड नव्हतं. "काढू की," तो म्हणाला. "किती होतील, दहा-बारा. तुम्ही सांगाल त्या सगळ्या तऱ्हा काढल्याशिवाय कॅमेऱ्याला झाकण लावणार नाही, हा माझा शब्द."

भिंतीपलीकडून बायकोचा आवाज आला. "छप्पन्न."

फोटोवाल्याचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकांसमोर बायकोनं असं बोलावं? 'तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत' हे त्यानं सासऱ्यांकडून ऐकलं होतं, तिच्याकडून कधी नाही. तो पडदा सारून मागे गेला.

"अगं, चारचौघांत छप्पन्न काय म्हणतेस?"

"मी तुम्हाला नाही म्हणाले. फोटो छप्पन्न होतील," बाई म्हणाल्या. शिकवणीतली मुलं आनंदानं वळून बसली होती. फळ्यावर योगायोगानं तोच धडा होता, द्विपदाचा विस्तार.

"आठ माणसांचे छप्पन्न फोटो कसे होतील? माणसं वाढतात का?"

"बरं, आधी दोनच माणसं घेऊ. तुम्ही आणि मी. प्रत्येकानं एकतर बसायचं नाहीतर उभं राहायचं. किती तऱ्हा?"

हा त्याचा विषय होता. "तीन. दोघं बसलेले. दोघं उभे. एक बसलेला, एक उभा."

"आपल्या लग्नाच्या फोटोत कोण बसलंय?"

"मी."

"मी बसले असते आणि तुम्ही उभे असता, तर तो हाच फोटो झाला असता का?"

नवराबायकोचे हजारो फोटो काढलेला माणूस तो. हाच फोटो झाला नसता हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"म्हणजे चार," तो म्हणाला. "मधला प्रकार दोनदा येतो."

"ए वर्ग अधिक दोन एबी अधिक बी वर्ग. त्यातलं दोन ते हेच."

शाळेत असताना त्यानं ते मधलं पद दरवर्षी गाळलं होतं आणि दरवर्षी मास्तरांनी त्याला लाल भोपळा दिला होता. त्या पदात कुणीतरी बसलेलं आणि कुणीतरी उभं आहे, हे मास्तरांनी एकदा तरी सांगायचं होतं, असं त्याच्या मनात आलं.

"आता आठ माणसं म्हणजे आठ कंस," बाईंनी फळ्यावर आठ वेळा (ब + उ) लिहिलं. "प्रत्येक कंसातून एकच अक्षर उचलायचं. ब म्हणजे बसला, उ म्हणजे उभा. सगळा विस्तार केला तर दोनशे छप्पन्न तऱ्हा पडतात."

फोटोवाल्यानं भिंतीचा आधार घेतला. भिंत हलली.

"घाबरू नका. तुम्हाला सगळा विस्तार नकोय. खुर्च्या तीन आहेत, म्हणजे ज्यात ब तीनदा आणि उ पाचदा आहे तेवढं एकच पद हवंय. आठातून तीन कंस निवडायचे. पहिल्या खुर्चीला आठ उमेदवार, दुसरीला सात, तिसरीला सहा. गुणाकार तीनशे छत्तीस."

"आता तर छप्पन्न म्हणत होतीस."

"तेच तिघं आपसांत खुर्च्या बदलून सहा प्रकारे बसू शकतात, पण बसलेले तिघं तेच. म्हणून सहानं भागायचं. छप्पन्न." मग बाईंनी आवाज खाली आणला. "पण मधल्या खुर्चीवर कोण, हा प्रश्न त्यांच्यासमोर चुकूनही काढू नका. काढलात तर भागाकार रद्द."

फोटोवाला परत आला तो कपाळाला हात लावूनच. शब्द तर देऊन बसला होता. लोकांच्या नाकी नऊ येतात, त्याच्या नाकी छप्पन्न आले होते. एवढ्यात दादा सहज म्हणाले, "मला मात्र उभं राहवायचं नाही हं. गुडघे ऐकत नाहीत."

फोटोवाला पुन्हा पडद्याआड डोकावला. "एक जण बसणारच असला तर?"

"उरलेल्या सातांतून दोन. एकवीस," एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली.

एका गुडघ्यात पस्तीस फोटो वाचले होते. फोटोवाल्याच्या डोळ्यांत चमक आली. तो डॉक्टरसारखा भावंडांमधून फिरू लागला.

"तुमचं काय, साहेब? तुम्ही असे ताठ. तुम्हाला बसणं शोभेल का?"

"मी फोटोत कधी बसलेलो नाही," खांब म्हणाला. "बसणारही नाही."

"वा," फोटोवाला म्हणाला आणि पडद्याकडे वळला. "एक जण कधीच बसणार नाही."

"सहांतून दोन. पंधरा."

"आणि या दोघी बहिणी शेजारी शेजारी बसतील असं वाटत नाही."

"बसायचंच नाही," मैना म्हणाली. "तिला सांगा तसं." घुम्मीनं छताकडे पाहिलं.

"दोघी एकदम नकोत," फोटोवाला आत कुजबुजला.

"एक वजा. चौदा," मुलगी म्हणाली. मुलांनी आता वह्या मिटल्या होत्या, सगळं लक्ष पडद्याकडे.

फोटोवाल्याला चेव चढला. आयुष्यात पहिल्यांदा गणित त्याच्या बाजूनं चाललं होतं. "ताई," तो मध मिसळून म्हणाला, "घरातलं थोरलं माणूस उभं आणि लहान बसलेली, हे बघायला बरं दिसतं का?"

ताई आधी नको नको म्हणाल्या, पण जुळे एकदम म्हणाले, "ताई बसलीच पाहिजे," आणि ताईंनी पर्स मांडीवर घेऊन बसून टाकलं.

"पाच," आतून आवाज आला. तिसरी खुर्ची तेवढी उरली होती, आणि तिला पाच दावेदार.

"कुणाची पाठ, कुणाची कंबर?" फोटोवाल्यानं आरोळी दिल्यासारखं विचारलं, जणू भाजी विकत होता.

"माझी कंबर," मैना म्हणाली. "सकाळपासून."

"दादा, ताई आणि या. एकच," मुलगी म्हणाली. "एकच फोटो."

फोटोवाला कॅमेऱ्याकडे जवळजवळ धावला. छप्पन्नाचा एक करणारा फोटोवाला पंचक्रोशीत दुसरा नसेल, असं त्याला वाटत होतं. त्यानं दिवे लावले, तिघांना बसवलं, पाच जणांना मागे उभं केलं, डोळा काचेला लावला.

तेव्हा घुम्मी बोलली. सगळे दचकले, कारण तिचा आवाज कसा होता ते अर्ध्या भावंडांना आठवतच नव्हतं.

"तिची कंबर दुखते तर मला चक्कर येते," ती म्हणाली. "मीही बसणार."

बसल्याशिवाय चालणार नाही अशी माणसं चार झाली होती आणि खुर्च्या तीनच.

"शून्य," आतून मुलगी म्हणाली.

"शून्य म्हणजे काढायचाच नाही ना?" फोटोवाल्यानं आशेनं विचारलं.

पण आठ जण त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहत होते, तिचा अर्थ लावायला गणित लागत नव्हतं. मग धाकट्यालाही आठवलं, की त्याच्या टाचेला कुरूप आहे. जुळ्यांना एकदम दम लागला. खांबाला सोडून सगळं घर आजारी पडलं. दादांचे गुडघे खरे की मैनेची कंबर खरी, यावर वाद सुरू झाला, आणि त्यातून मागच्या फोटोचा विषय निघाला. म्हणजे जो टाळायला सगळे आले होते तोच. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे फोटोवाल्याला कळलं. तो एका रिकाम्या खुर्चीत मटकन बसला, तेव्हा "हा का बसला?" म्हणून तिसरं भांडण लागलं.

शेवटी बाई खडूच्या हातांनी पडदा सारून बाहेर आल्या. आठही जण गप्प झाले. गणिताच्या बाई समोर आल्या की साठीची माणसंही आपोआप हात मागे घेतात.

"ताई, तुम्ही मुळात जे मागितलं होतं तेच बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "एकही अट नसली की छप्पन्न फोटो होतात आणि त्यांत प्रत्येक माणूस एकवीसदा बसतो. तुम्हीही एकवीसदा, हे धाकटेही एकवीसदा. कमी नाही, जास्त नाही. यांनी अटी गोळा करायला घेतल्या आणि सगळा न्याय गेला."

"एकवीस," ताईंनी तो आकडा तोंडात घोळवून पाहिला. "दादाला पण एकवीस?"

"सगळ्यांना."

"मग झालं. गुडघे, कंबर, चक्कर, सगळं बाहेर चपलांपाशी ठेवा," ताई म्हणाल्या. "काढा हो छप्पन्न."

"उरलेल्या पस्तीस वेळा मी कुठं जाऊ?" दादांनी विचारलं.

"माझ्या खांद्याला धर," खांब म्हणाला.

मग जे चाललं ते त्या रस्त्यावरच्या कुणी आधी पाहिलं नव्हतं. बाईंनी छप्पन्न तऱ्हा फळ्यावर लिहून काढल्या, शिकवणीतली मुलं पडद्यापाशी उभी राहून त्यातली नावं वाचायची, तिघं बसायचे, पाच उभे राहायचे, फोटोवाला "हसा" म्हणायचा, कुणीतरी डोळे मिटायचं, पुन्हा "हसा". सुरुवातीला सगळे ओठ आवळून होते. पण पंधरा-वीस फोटो झाल्यावर माणसं चुकीच्या खुर्चीवर, एकमेकांच्या मांडीवर बसू लागली आणि एकदा तर फोटोत नऊ जण निघाले, कारण फोटोवाला स्वतःच रांगेत उभा होता आणि टायमर लावून विसरला होता. जुळ्यांपैकी नेमका कोणता बसून झालाय हे कुणालाच सांगता येईना, जुळ्यांनासुद्धा. तेव्हा ताईंनी एकाच्या गालाला खडू लावला.

खांबाची पहिली पाळी आली तेव्हा तो आधी वाकला, मग थांबला, मग बसला.

"बरं असतं की हे," तो म्हणाला.

मैना आणि घुम्मी दोघी एकदम बसलेल्या अशा सहा तऱ्हा होत्या. पहिल्या तीन फोटोंत दोघींनी विरुद्ध दिशांना पाहिलं. चौथ्यात घुम्मीची खुर्ची जरा तिरकी झाली होती.

"सरक," घुम्मी म्हणाली.

"तूच सरक," मैना म्हणाली.

बाकीच्यांनी श्वास रोखून धरला. फोटोवाल्यानं कशाचाही विचार न करता बटण दाबलं, आणि त्या एका फोटोत खरोखर आठही जणांचे डोळे उघडे आले. पुढच्या दोन फोटोंत दोघी काही बोलल्या नाहीत, पण जाताना मैनेची पिशवी घुम्मीच्या हातात होती.

निवड करायची वेळ आली तेव्हा ताईंनी सगळे फोटो पाहिले आणि मान हलवली. एक निवडला की पुन्हा तिघं बसलेले आणि पाच उभे. म्हणून छप्पन्नही फोटो एकाच चौकटीत लावायचे ठरले, आठाच्या सात ओळी. आता ती चौकट ताईंच्या दिवाणखान्यात आहे. प्रत्येक फोटो टपालाच्या तिकिटाएवढा. कोण बसलंय आणि कोण उभं आहे, ते भिंग घेतलं तरी कळत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. पाहुणे विचारतात, "हा कसला नकाशा?" आणि ताई सांगतात, "आमचं कुटुंब."

काही दिवसांनी स्टुडिओत फोन वाजला. बाईंनी उचलला. मैनेच्या सासरचे लोक होते. अकरा जण, आणि त्यांनाही तीन खुर्च्यांवरच्या सगळ्या तऱ्हा हव्या होत्या. चौकट पाहून त्यांना हेवा वाटला होता.

बाईंनी फोनवर हात ठेवला. "एकशे पासष्ट," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

फोटोवाला कॅमेऱ्याची काच पुसत होता. तो थांबला. त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलवले, आणि बायकोनं त्याला इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं तसा तो गंभीर झाला.

"आमच्याकडे एकच खुर्ची आहे म्हणालो, तर अकरा," तो म्हणाला.

"बरोबर."

"आणि एकही नाही म्हणालो, तर एक."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या.

"मग सांग त्यांना," तो पुन्हा काच पुसू लागला, "खुर्च्या कालच विकल्या."